तान्ह्या पोळ्याच्या गोष्टीची चित्रे : एका चित्रकर्तीच्या कामाविषयी

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने मुलांसाठी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या सणाची, गोष्ट छापायचे ठरवले, तेव्हा चित्रांचे काम शेजारच्या तालुक्यातील, जलरंगात काम करणाऱ्या एका चित्रकर्तीकडे सोपवले. असे पुस्तक करू पाहणाऱ्या शाळांना आणि वाचनालयांना उपयोग व्हावा, म्हणून त्यांच्या कामाविषयी लिहीत आहे.

रंगाला हात लावण्यापूर्वी त्या जे काम करतात, तेच मला सर्वांत मोलाचे वाटले. छपाईत फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने) १६ किंवा ८ पानांचे पडत असल्याने पुस्तक २४ पानांचे ठेवावे, असे त्यांनी आधीच सुचवले. मग काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळी पाने पेन्सिलीने आखली आणि कोरे कागद टाचून डमी आमच्या हाती दिली. ती उलटताना कळले, की लाकडी नंदीचे चाक निखळते तो प्रसंग त्यांनी मुद्दाम उजव्या पानावर ठेवला आहे, म्हणजे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी मुलाला पान उलटावेच लागते. नंदी कलंडल्याचे वाक्यही त्यांनी गाळायला लावले, कारण ते चित्रात दिसतच होते. मजकूर आमचा असूनही हा आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटला.

बैलाबाबत तर त्यांनी कसलीच तडजोड केली नाही. चित्रांच्या पुस्तकांत बैल म्हटला की बहुधा खिलारसारखी लांब, कमानदार शिंगे येतात. आमच्या भागातला गवळाऊ जातीचा बैल मात्र पांढरा, अरुंद व लांबट तोंडाचा, किंचित फुगीर कपाळाचा आणि आखूड शिंगांचा असतो. गावातल्या गोठ्यात बसून त्यांनी रवंथ करताना बाजूला सरकणारा जबडा, वशिंडाजवळची राखाडी झाक आणि बेगड लावलेली शिंगे वहीत उतरवून घेतली. जलरंगात पांढरा बैल पांढऱ्या रंगाने रंगवत नाहीत. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद अंगाच्या जागी कोरा सोडून फक्त पोटाखालची आणि मानेची सावली फिक्या निळसर राखाडी रंगाने द्यायची असते. त्यामुळे पुस्तकातला बैल पाहताच आमची मुले तो कोणाच्या घरचा, यावर वाद घालू लागली.

छपाईचीही त्यांना चांगली जाण आहे. कोणाचाही चेहरा पानांच्या मधल्या घडीत जाऊ दिलेला नाही, आणि कापणीसाठी कडेला ३ मिलिमीटर जास्तीचे चित्र ठेवले आहे. झुलीचा भडक केशरी चार रंगांच्या छपाईत मंदावतो, हे त्यांनी नमुना छापून आधीच दाखवले होते. तरीही बोजारा (नंदी घेऊन घरोघरी गेल्यावर मुलांना मिळणारी भेट) मागून मुले परततात ते संध्याकाळचे चित्र फार काळवंडले असून, त्यात गोष्टीतल्या आबाजींचा चेहरा दिव्याच्या उजेडात नीट दिसत नाही. नमुन्याच्या वेळीच ते उजळ करायला हवे होते.

दुसरी तक्रार उशिराची आहे. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, हे कारण खरे असले, तरी ते काम घेतानाच सांगायला हवे होते. पेन्सिलीच्या टप्प्यावरचे बदल मोफत आणि रंगानंतरच्या बदलांना वेगळे पैसे, ही त्यांची अट मात्र रास्त आहे. मूळ चित्रे त्यांच्याकडेच राहतात. दुसऱ्या आवृत्तीच्या हक्काचा उल्लेख करारात नव्हता, तेवढा लिहून घ्यावा.

मजकूर पक्का असेल आणि घाई नसेल, तर त्यांच्याकडे काम अवश्य द्यावे. पोळ्याला पुस्तक हवे असल्यास आदल्या दिवाळीनंतर लगेच मजकूर पोहोचवावा, म्हणजे रंगकाम उन्हाळ्यातच उरकेल.