अलाइनमेंटचा रिपोर्ट दुसऱ्याच गाडीचा होता

जुनी जीप उंच करून घेतलेले, किंवा माझ्यासारखी आधीच उंच केलेली जीप विकत घेतलेले बरेच जण आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्टिअरिंगच्या दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यातल्या एका गॅरेजने मला फसवलं, आणि नुकसान पैशांवर थांबलं नसतं. त्या कामावर भरवसा ठेवून मी बायको-मुलांना घेऊन खंबाटकी उतरलो होतो.

जीप महिंद्राची, सीजे-३बी घडणीची. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ मध्ये आणलेलं हे उंच बॉनेटचं मॉडेल पुढे आपल्याकडे कितीतरी वर्षं बनत राहिलं. आधीच्या मालकाने लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे, टाकून ती उंच केली होती. वळण संपलं तरी चाकं आपणहून सरळ व्हायची नाहीत आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगवर सतत हात चालवावा लागायचा. दोष घेतानाच दिसत होता, म्हणून किंमत ठरवताना दुरुस्तीचा खर्च धरूनच व्यवहार केला.

गॅरेज ऑफ-रोडिंगच्या गाड्यांसाठी नावाजलेलं. मालकाने जीप रॅम्पवर घेतली आणि दोष अचूक सांगितला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण त्याला काम येत नव्हतं असं नाही. त्याने कॅस्टर नीट समजावला: चाक ज्या किंगपिनवर वळतं ती वरच्या बाजूने थोडी मागे झुकलेली असते, त्या झुकावामुळे चाक वळणानंतर स्वतः सरळ होतं. या जीपला मूळचा झुकाव ३ अंश. तुमचा गेलाय, म्हणाला. खरं होतं. मग अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर आलं: ६ अंशांचे वेज (पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारी पाचर), ड्रॉप पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा खाली वाकलेला दांडा), बेलक्रँकची (तिथून येणारा जोर दोन्ही चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या फिरत्या भागाची) पिन आणि बुश, सगळे टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं), नवा स्टिअरिंग डॅम्पर (थडथड शोषणारा) आणि कॉम्प्युटर अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून लावणं). सगळे मिळून ४६,००० रुपये.

गाडी परत मिळाली तेव्हा स्टिअरिंग घट्ट लागत होतं. हातात रंगीत छापील रिपोर्ट दिला, 'आधी' लाल आणि 'नंतर' हिरवा. गावातल्या रस्त्यांवर गाडी बरी वाटली. सुरूर फाट्याच्या अलीकडे पुलाच्या जोडावरून चाक गेलं आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. स्टिअरिंग हातातून सुटेल इतका जोर. वेग पन्नासच्या आसपास होता, मागे ट्रक होता. हळूहळू वेग उतरवत कडेला आलो तेव्हा कुठे थडथड थांबली. मुलगी रडत होती.

साताऱ्यात पाट्यांचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी आधी रिपोर्ट बघितला नाही, गाडीखाली गेले. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, वेज कुठंय? हितं तर नुसता रंग मारलाय."

पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर नव्हतीच. टाय रॉड एंड जुनेच, धुऊन काळे रंगवलेले. बेलक्रँकची पिन हाताने हलत होती. किंगपिनच्या टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून बेअरिंग आवळली होती, म्हणून स्टिअरिंग घट्ट लागत होतं. एवढं करून वर डॅम्पर लावला, की चार-आठ दिवस थडथड दबून राहावी. डॅम्पर तेवढा खरोखर नवा होता.

पिटमन आर्मचं पाहून मात्र मिस्त्री चिडले. जुनाच आर्म तापवून खाली वाकवला होता. फोर्जिंग करून बनवलेला आर्म असा तापवला की त्याचा कस जातो, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर स्टिअरिंग नुसतं गोल फिरतं. शिवाय या जीपला ड्रॉप आर्मची गरजच नव्हती. या घडणीत स्टिअरिंग बॉक्सही चेसिसवर आणि बेलक्रँकही चेसिसवरच. गाडी उंच केली तर दोन्ही एकत्रच वर जातात, त्यांना जोडणारा मधला दांडा, ड्रॅग लिंक, जसाच्या तसा राहतो. तिरके होतात ते बेलक्रँकपासून चाकांकडे जाणारे टाय रॉड, म्हणून खड्ड्यात पाटा दबला की चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळलेली आहे ते, बदलतो. ज्याने मला कॅस्टर इतका नीट समजावला, त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग आम्ही रिपोर्ट समोर घेऊन बसलो. अलाइनमेंटच्या कागदाकडे आपण हिरवा रंग बघतो आणि घडी करून ठेवतो. पण या कागदावर मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो 'आधी' चुकीचा आणि 'नंतर' बरोबर दाखवला होता. जीपचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, तिथे कॅम्बर आणि टो फिरवून बदलायला काहीही नसतं. दुसरी गोष्ट, एसएआय म्हणजे किंगपिनचा आतल्या बाजूचा कल. या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला तो साडेसात अंश असतो, तो घडणीतच आलेला, कुणी बदलू शकत नाही. कागदावर दोन्ही बाजूंना १२ अंशांच्या वर होता. कुठल्यातरी कारचा रिपोर्ट होता तो, वर नाव फक्त माझ्या जीपचं.

कॅस्टरचा हिशेब मिस्त्रींनी तिथेच करून दाखवला, आणि तो प्रत्येक जीपवाल्याने समजून घ्यावा असा आहे. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. माझे शॅकल मुळापेक्षा ४ इंच लांब होते. पाटा साधारण ३६ इंचांचा. त्याचं एकच टोक ४ इंच खाली गेलं, तर मध्ये असलेला अ‍ॅक्सल जेमतेम २ इंच खाली जातो, पण पाटा सहाएक अंशांनी पुढे झुकतो आणि अ‍ॅक्सललाही झुकवतो. मूळचे ३ अंश संपले, वर ३ अंश उलटे. अँगल गेज किंगपिनच्या टोपीवर ठेवला तर तेवढंच आलं. म्हणजे चार इंच जास्त लांब शॅकलला 'चार इंच लिफ्ट' म्हणून कुणी विकत असेल, तर ते दोनच इंच उचलतात आणि स्टिअरिंगची वाट लावतात.

वेज खरोखर टाकले असते तरी ६ अंशांनी नवा त्रास झाला असता. वेजने कॅस्टर परत येतो, पण डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. म्हणून मोठा दोष नुसत्या पाचरीने भागवायचा नसतो.

मी गॅरेजमालकाला फोन केला. फोटो पाठवले. तो म्हणाला, "दादा, गाडी मॉडिफाइड आहे. तक्रार करायला गेलात तर आरटीओ आधी तुमचीच गाडी उचलेल."

खरा धंदा या वाक्यावर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ घडणीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. उंच केलेल्या गाडीचा मालक घाबरून गप्प बसतो, हे अशा गॅरेजना पक्कं ठाऊक असतं.

मी गाडी मूळ उंचीवर आणली. मूळ लांबीचे शॅकल, पाटे पुन्हा घडवून घेतले, नवा पिटमन आर्म, बेलक्रँकची पिन-बुश, टाय रॉड एंड. टो मिस्त्रींनी दोरी आणि टेपने लावला, १ ते अडीच मिलिमीटरच्या मध्ये. वळण संपलं की चाकं आता स्वतः सरळ होतात. यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. व्हॉट्सॲपवरचं अंदाजपत्रक, खोटा रिपोर्ट, मिस्त्रींनी दाखवलेल्या प्रत्येक भागाचे फोटो आणि तो वाकवलेला आर्म, सगळं जपून ठेवलंय.

तुमचं असं काम कुठे चालू असेल तर काढलेले जुने भाग परत मागा, आणि बिलात 'सस्पेन्शन वर्क' एवढंच लिहू देऊ नका, प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या. काम होऊन गेलं असेल तर आजच रिपोर्ट काढून एसएआयचा आकडा आणि मागच्या चाकांच्या आकड्यांची ओळ बघा. तिथे 'आधी' आणि 'नंतर'मध्ये फरक दिसला, तर पिटमन आर्म तपासून घेईपर्यंत जीप रस्त्यावर काढू नका.