फ्लाइट सिम्युलेटरचं सेशन घेताय? मग डिसेंट, म्हणजे विमान खाली उतरवण्याचा टप्पा, मागून घ्या

पैसे वसूल आहेत, फक्त काय मागायचं ते आधी ठरवून जा. बोइंग ७३७ चं कॉकपिट आहे, जागेवरच असतं, हलत नाही, बाहेरचं चित्र ठीकठाक, मुंबईच्या बिल्डिंगा सगळ्या एकाच साच्यातल्या दिसतात. बहुतेक लोक टेकऑफ, मरीन ड्राइव्हवरून चक्कर, लँडिंग, फोटो एवढं करून घरी जातात. पण खरी किंमत इथल्या इन्स्ट्रक्टरची आहे, त्याला नुसते फोटो काढायला लावू नका.

मी बुकिंग करतानाच सांगितलं होतं की अनुभवी पायलट उतरताना वाट कशी चुकतात ते बघायचंय. त्याने काली लावलं. कोलंबियातलं काली, २० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सची मायामीहून येणारी फ्लाइट ९६५, बोइंग ७५७. रात्र, उशीर झालेला, दोन्हीकडे अँडीजचे डोंगर. आधी क्रूने विमानाच्या रस्ता दाखवणाऱ्या कॉम्प्युटरला थेट काली दिलं, त्यामुळे मधले पॉइंट स्क्रीनवरून गेले, मग कंट्रोलरने सरळ समोरून उतरता येणारा रनवे विचारला, हे हो म्हणाले आणि सगळीच घाई सुरू झाली. तुलुआचा बीकन, म्हणजे दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र, मागे पडलेला तरी तो पुढे आहे असं धरून चालले. कालीजवळच्या रोझो बीकनला चार्टवर 'आर' असं अक्षर होतं म्हणून तेच टाईप केलं, पण यादीत सगळ्यात वर आला बोगोटाजवळचा रोमिओ, आणि विमान खाली उतरता उतरता डावीकडे डोंगरांकडे वळलं. १६३ पैकी ४ जण वाचले.

वाचून हे माहीत असतं हो, पण तिथे सीटवर बसून केल्यावर अंगावर येतं. एकाच नावाचे दोन पॉइंट आले की स्क्रीनवर नाव, अक्षांश-रेखांश असलंच काहीतरी दिसतं, गाव वगैरे काही नाही. निवडला की नकाशावर आधी पांढरी तुटक रेघ येते, एक्झेक, म्हणजे बदल पक्का करायचं, बटण दाबलं की तीच गुलाबी होते आणि ऑटोपायलट तिच्यामागे निघतो. इन्स्ट्रक्टर म्हणाला, 'ती पांढरी रेघ कुठे चाललीय हे दोघांनी बघितल्याशिवाय एक्झेक दाबायचं नाही.' हे एक वाक्य ऐकायला सेशन घेतलं तरी चालेल असं माझं मत आहे. मग 'पुल अप', म्हणजे जमीन जवळ आली, वर चढा हा इशारा, वाजल्यावर त्याने एकदा स्पीडब्रेकचा (वेग कमी करायला पंखांवर उघडणाऱ्या पट्ट्यांचा) दांडा मागेच, म्हणजे उघडाच ठेवून आणि एकदा आत ढकलून चढून दाखवलं, चढण्यातला फरक डोळ्यांनी दिसतो. कालीला तो मागेच राहिला होता.

नंतर आपल्याकडचंही मागा. ७ जुलै १९६२ ला अलितालिया या इटालियन कंपनीचं बँकॉकहून मुंबईला येणारं डीसी-८ विमान जुन्नरजवळ डोंगरावर आदळलं, ९४ च्या ९४ गेले, कारण मुंबई जवळ आली असं समजून त्यांनी लवकर उंची सोडली होती. रात्री त्या बाजूने येऊन बघा, पुढे शहराचा उजेड दिसत असतो आणि खालचा सह्याद्री मात्र अजिबात दिसत नाही. वेळ उरला तर जुहूचा रनवे दाखवायला सांगा, १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून तिथे उतरलं होतं, रनवे संपला तरी थांबलं नाही, सुदैवाने कोणी दगावलं नाही. वरून दोन्ही रनवे इतके शेजारी-शेजारी दिसतात की चूक कशी झाली ते लगेच कळतं.

तक्रारी दोन. हेडसेट सैल आहे, आणि एका तासाचं सेशन असलं तरी ओळख करून देण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे दीड तासाचंच घ्या. लहान मुलांना कालीवालं नको, त्यांना सरळ गोव्याचं लँडिंग द्या, दाबोळीचा समुद्र छान दिसतो. साडेचार स्टार.