ब्रिटनमधलं भाड्याचं घर: स्वतःच्या नावावर, बायकोच्या की कंपनीच्या?

ब्रिटनमध्ये नोकरी करता करता दुसरं घर घेऊन भाड्याने देणारी मराठी मंडळी कमी नाहीत. अकाउंटंटसमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कंपनी काढू का? माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. घर आधीच घेतलंय की अजून घ्यायचंय? आणि भाड्याचा पैसा दरवर्षी घरखर्चाला लागतो का?

मुळात हा घोळ जुलै २०१५च्या अर्थसंकल्पातला. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी राहण्यासाठी भाड्याने दिलेल्या घरांच्या मालकांना कर्जावरच्या व्याजाची मिळणारी पूर्ण वजावट काढून टाकायचं ठरवलं. एप्रिल २०१७पासून ती दरवर्षी पाव हिश्श्याने कमी होत गेली आणि एप्रिल २०२०मध्ये संपली. आता व्याजाच्या फक्त २० टक्के रक्कम करातून कमी होते. घरमालक याला नुसतं ‘सेक्शन २४’ म्हणतात. भारतात १९६१च्या आयकर कायद्यात व्याजाची वजावट देणारं कलमही २४च होतं, हा निव्वळ योगायोग.

आकडे मांडल्याशिवाय हे अंगावर येत नाही. समजा, इंग्लंडमध्ये एक घर आहे. २ लाख पौंडांचं कर्ज, फक्त व्याजाचे हप्ते, दर ५ टक्के. म्हणजे वर्षाला १०,००० पौंड व्याज. भाडं १८,०००. एजंट, विमा, दुरुस्ती मिळून ३,०००. खरा नफा ५,०००. मालकाचा पगार ५५,०००.

जुन्या नियमाने ५,०००वर ४० टक्के कर, म्हणजे २,००० गेले असते आणि ३,००० उरले असते. आता व्याज बाजूला ठेवून १५,०००वर कर मोजतात: ६,०००. त्यातून २,००० सूट. भरायचे ४,०००, हातात १,०००. नफ्याचे ८० टक्के सरकारजमा! मुलं लहान असतील तर गंमत पुढेच आहे. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, उत्पन्न ६०,००० ते ८०,०००च्या दरम्यान असेल तर हळूहळू परत घेतला जातो. जुन्या हिशेबात हा गृहस्थ बरोबर ६०,०००वर थांबला असता. आता कागदावर त्याचं उत्पन्न ७०,००० दिसतं आणि निम्मा बेनिफिट जातो. दोन मुलांमागे ते वर्षाला १,१०० पौंडांच्या वर होतात, म्हणजे घर भाड्याने देऊन पदरमोड. (पेन्शनमध्ये जास्त भरणा करून हे उत्पन्न खाली आणता येतं. नावं बदलण्याआधी ते करून पाहावं.)

पगार २८,००० असता तर? काहीच फरक पडला नसता: १५,०००वर २० टक्के, वजा २,०००, म्हणजे जुन्याइतकाच १,००० कर. पण ४०,००० पगारवाल्याने सावध राहावं. वाढीव उत्पन्न ५५,००० होतं, ४० टक्के कर सुरू होण्याची ५०,२७०ची मर्यादा ओलांडते आणि कर १,०००वरून १,९४६वर जातो. आपण वरच्या टप्प्यात आलोय हे अशांना अनेकदा रिटर्न भरतानाच कळतं.

आता कंपनी. तिला व्याजाची पूर्ण वजावट मिळते आणि ५०,०००पर्यंतच्या नफ्यावर कर १९ टक्के. म्हणजे ५,०००वर ९५०. ऐकायला छान! पण कंपनीला कर्ज सहसा महाग पडतं. दर अर्धा टक्का जास्त धरला तर १,००० गेले. अकाउंटंटचे आणखी १,००० धरा. उरलेल्या ३,०००वर ५७० कर, शिल्लक २,४३०. ती लाभांश म्हणून काढली तर ५०० पौंडांपलीकडे, एप्रिल २०२६पासूनच्या दराने, ३५.७५ टक्के. हातात १,७४० पडतात. मात्र घर घेताना डिपॉझिट तुम्ही कंपनीला उसनं दिलं असेल, तर ते फिटेपर्यंत पैसे परतफेड म्हणून करमुक्त काढता येतात. कंपनीची खरी ताकद इथे आहे. शिवाय नफा आतच ठेवून पुढचं घर घेणाऱ्यालाही ती फळते. विकताना मात्र कंपनी नफ्यावर कर भरते आणि पैसे बाहेर काढताना तुम्ही पुन्हा भरता.

जुनं घर कंपनीच्या नावावर करायचं असेल, तर मी सरळ ‘नको’ म्हणेन. २,२०,०००ला घेतलेलं घर आज ३,२०,०००चं आहे असं धरा. कायद्याच्या दृष्टीने ही बाजारभावाने विक्रीच. ३,०००ची सूट वजा जाता ९७,०००वर २४ टक्के, म्हणजे २३,२८० भांडवली नफाकर. ५ टक्के अधिभारासकट स्टॅम्प ड्यूटी २२,०००. वर्षाला हजार-दीड हजार वाचवायला आज ४५,००० मोजायचे! व्यवसाय म्हणून घरं सांभाळणाऱ्यांना भांडवली नफाकर पुढे ढकलता येतो, पण एक-दोन घरांच्या नोकरदाराने त्या भरवशावर राहू नये.

यात बायकोचा (किंवा नवऱ्याचा) पर्याय उगाच मागे पडतो. तिचा पगार २०,००० असेल आणि घर पूर्ण तिच्या मालकीचं झालं, तर कर १,००० आणि हातात ४,०००. त्याचं उत्पन्न ५५,०००च राहतं, चाइल्ड बेनिफिटही वाचतो. एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींत हस्तांतरावर भांडवली नफाकर नाही, अधिभारही नाही. तिने २ लाखांचं कर्ज अंगावर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्यूटी १,५००. अडचण बँकेची: तिच्या पगारावर तेवढं कर्ज मंजूर व्हायला हवं. घर दोघांचं ठेवून हिस्से कमी-जास्त करायचे असतील तर मालकी खरोखर तशी वाटावी लागते, आणि सही केल्यापासून ६० दिवसांत हे हिस्से जाहीर करणारा फॉर्म १७ कर खात्याकडे पोहोचावा लागतो.

एप्रिल २०२७पासून भाड्याच्या उत्पन्नाचे दर २२, ४२ आणि ४७ टक्के होणार आहेत. व्याजावरची सूटही २२ टक्के होईल. आपल्या उदाहरणातल्या मालकाच्या हातात १,०००ऐवजी ९०० उरतील. (स्कॉटलंडचे टप्पे वेगळे आहेत.)

आणि पुण्यात कर्जावर फ्लॅट घेऊन भाड्याने दिला असेल, तर ब्रिटनचा रहिवासी म्हणून तिथलं भाडंही इथे दाखवावं लागतं. भारतात त्या व्याजाची वजावट घेतली असली तरी इथल्या हिशेबात ते सेक्शन २४च्याच चाळणीतून जातं.