घाटातला खेकडा टेबलावर: डब्ल्यूसीजी-१ च्या जुळणी संचाचे परीक्षण

भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या माणसाला बाजारात वाफेची इंजिने आणि अलीकडची डिझेल-विजेची इंजिने मिळतात; पण भोर आणि थळ घाटांत मालगाड्या ओढणारा 'खेकडा', म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचे इंजिन, सहसा मिळत नाही. त्यामुळे मुंबईजवळचा एक हौशी कारागीर मागणीनुसार १:८७ प्रमाणातील डब्ल्यूसीजी-१ चा संच करून देतो असे कळल्यावर मी तो लगेच मागवला. पोस्टखर्च धरून साडेनऊ हजार रुपये पडले, आणि जुळणी पूर्ण व्हायला सात रविवार लागले.

संच जोखायचा तर मूळ इंजिन वेगळे कशात होते ते पाहावे लागते. जीआयपी रेल्वेने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आजची मध्य रेल्वे) पुण्यापर्यंतचा मार्ग १९२९ मध्ये विजेवर आणला, तेव्हा १ : ३७ चा चढ आणि घाटातली वळणे या दोन्हींना पुरे पडेल असे मालवाहू इंजिन तिला हवे होते. अशी एकूण ४१ इंजिने आली. पैकी १० स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात आणि ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. चार मोटरी, सुमारे २६०० अश्वशक्ती, १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि तीन-तीन आसांच्या दोन बोगी (खालचे वळते चाकगाडे) असा त्यांचा संसार होता. मोटरीची गती तिरप्या दांड्यांमार्फत चाकांना मिळे आणि बाजूचे जोडदांडे वाफेच्या इंजिनासारखे फिरत. विजेचे इंजिन हातपाय हलवत चालताना ज्यांनी पाहिले, त्यांना 'खेकडा' या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

स्विस रेल्वेचे 'क्रोकोडाइल' हे विजेचे इंजिन या इंजिनाचे जवळचे नातलग असल्याने त्याची तयार प्रतिकृती घेऊन रंगवावी आणि तिलाच खेकडा म्हणावे, असा सोपा मार्ग काही जण सुचवतात. तो मला मान्य नाही. क्रोकोडाइलला दोन्ही टोकांना मोटरीने न फिरणारी, फक्त भार वाहणारी लहान चाके असतात, खेकड्याला नसतात. आणि एवढ्या एका फरकाने इंजिनाचा चेहराच बदलतो. संचकर्त्याने ही चूक टाळली आहे, हा त्याचा पहिला गुण. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाची मी काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा बोनेटचा (टोकाकडच्या बुटक्या नाकाचा) उतार आणि खिडक्यांच्या रांगा नीट जुळल्या.

खरी कसोटी चालीची. मूळ इंजिनाप्रमाणेच येथेही मधला खोका दोन बोगींवर टेकतो आणि पुढची-मागची बोनेटे बोगींबरोबर वळतात. माझ्या घरच्या रुळांच्या मांडणीतील ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर प्रतिकृती न अडखळता गेली, आणि वळताना खोका व बोनेट यांच्यामध्ये पडणारी फट पाहणे हेच या संचाचे सर्वांत मोठे सुख आहे. ३६० मिलिमीटरच्या वळणावर मात्र मागची बोगी रुळावरून उतरली. माझ्या १ : ४० च्या चढावर, दोन्ही बोनेटांत शिसे भरल्यानंतर, तिने पाच डबे ओढले. शिसे भरण्यापूर्वी दोनच डबे जोडले होते, तरी चाके जागीच फिरत होती; रेझिनचे थ्री-डी प्रिंट केलेले अंग फार हलके असते, आणि याची सूचना माहितीपत्रकात असायला हवी होती.

जोडदांडे निकेल सिल्व्हर या मिश्रधातूच्या पत्र्यातून सुबक कोरलेले आहेत, पण त्यांची भोके घट्ट आहेत. ती कानसून किंचित मोठी केल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंच्या चाकांचे क्रँक (जोडदांडे अडकतात त्या खुंट्या) एकमेकांशी काटेकोर ९० अंशांत बसवल्याशिवाय इंजिन लंगडत चालते. नवशिक्याने हा संच घेऊ नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने. पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे छपरावरचे सांगाडे, ठिसूळ आहेत. एक तर जुळणीतच तुटला.

एका बाबतीत मात्र दोष कारागिराचा नाही, छंदाचाच आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते, तर बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. बाजूने पाहिले तर काही कळत नाही, पण समोरून पाहिले की भारदस्त गृहस्थाला तोकडे जोडे घातल्यासारखे वाटते. चाके आसावर बाहेर सरकवायला कारागिराने जागा ठेवली आहे, पण मग सगळी मांडणी नव्याने अंथरावी लागेल, आणि तेवढा उत्साह माझ्यात नाही.

थांबलेल्या खेकड्याची ती चमत्कारिक कण्हती घरघर आणि चालताना होणारा सूं-सूं आवाज प्रतिकृतीत नाही. आवाजाची चिप बसवण्यापुरती पोकळी मधल्या खोक्यात आहे, पण चिपमध्ये भरण्याजोगे चांगले ध्वनिमुद्रण माझ्या हाती अजून लागलेले नाही.