लाकडी की पोलादी: साताऱ्यासाठी कोणता रोलर कोस्टर?

सातारा परिसरात सहकुटुंब जाण्याजोगे मनोरंजन उद्यान उभारून त्यात रोलर कोस्टर बसवायचा झाल्यास पहिला विचार उंचीचा किंवा वेगाचा नव्हे, तर रुळाचा व्हावा, असे मला मनापासून वाटते.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर आणि त्यांवर घट्ट बसवलेली पोलादी पट्टी. गाडी धावताना सांगाडा किंचित डोलतो, खडखडतो आणि त्या खडखडाटातच त्याची खरी गंमत असते. मात्र लाकूड पावसाने फुगते व उन्हाने आकसते, त्यामुळे बोल्ट सैल होतात आणि कसबी सुतारांना रुळावरून चालत जाऊन ते पुन्हा पुन्हा आवळावे लागतात. सातारा शहरापेक्षा पश्चिमेला, कास-बामणोलीच्या बाजूला पावसाळा कितीतरी जोरदार असतो. तिथे ही देखभाल फारच जड जाईल.

पोलादी नळीचा रूळ १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न या कोस्टरवर प्रथम वापरला गेला. गाडीची चाके वरून, बाजूने आणि खालून नळीला धरून ठेवतात, वळणे सफाईदार येतात आणि नातवंडांबरोबर बसलेल्या आजी-आजोबांच्या मानेला हिसके कमी बसतात. गंज रोखण्यासाठी रंगकाम आणि सांध्यांची तपासणी यालाही चुकत नाही. तरीही माझा कौल पोलादालाच आहे. खोपोलीजवळच्या धुवाधार पावसाच्या पट्ट्यात इमॅजिकातील नायट्रो हा कोस्टरही पोलादीच आहे.