ई-खरेदी: एकच सरकारी पोर्टल की खासगी मंचांचं जाळं?

सरकारी खरेदी ऑनलाइन न्यायची असेल तर दोन नमुने नीट तपासावेत.

दक्षिण कोरियाने २००२ साली कोनेप्स हे एकच राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं. ते सरकारी खरेदी खात्याच्या ताब्यात आहे आणि जाहिरातीपासून देयकापर्यंत सगळं तिथेच होतं. मला त्यातल्या जोडण्या सर्वात मोलाच्या वाटतात. उद्योगाची नोंदणी, कर, हमीपत्रं यांची माहिती इतर यंत्रणांकडून परस्पर येते. पुरवठादाराला तेच दाखले दर निविदेला जोडत बसावं लागत नाही.

युक्रेनच्या प्रोझोरो या ई-खरेदी व्यवस्थेत मध्यवर्ती डेटाबेस सरकारचा, पण बोली लावायची खासगी मंचांवरून. मंच कुठलाही निवडा, निविदा त्याच दिसतात. मंच शुल्कावर चालतात, त्यामुळे नवे पुरवठादार आणण्यात त्यांचाही फायदा असतो. लिलाव संपला की बोलीदारांची नावं आणि दर सर्वांना खुले होतात. २०१५ साली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली ही पद्धत ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी खरेदीदारांना सक्तीची झाली.

मग निवड कशी करायची? खरेदी खातं भक्कम असेल आणि बाकीची खाती माहिती द्यायला तयार असतील, तर कोरियाची वाट धरावी. दर वेळी तेच दोन-तीन बोलीदार येत असतील आणि बाहेरच्यांचा विश्वास उडाला असेल, तर माझा कौल युक्रेनच्या बाजूने. मात्र मंचांवर देखरेख ठेवणारी सक्षम यंत्रणा नसेल, तर तो मार्ग घेऊच नये.

तयार सॉफ्टवेअर विकत घेणं हा तिसरा पर्याय. काम लवकर सुरू होतं, पण सगळा डेटा खुल्या स्वरूपात, केव्हाही आणि मोफत परत मिळेल हे करारात लिहून घ्या. नाहीतर कंपनी बदलायची वेळ आली की जुन्या निविदांसाठी तिच्याच दारात उभं राहावं लागतं.

जॉर्जियाने २०१० च्या अखेरीस कागदी निविदा थेट बंद केल्या. मोठ्या प्रशासनाला ते एका झटक्यात झेपेलच असं नाही. तिथे प्रमाणित वस्तूंपासून सुरुवात करावी. बांधकाम आणि सल्लागार सेवा नंतर घ्याव्यात, कारण तिथे गुणवत्तेचं मूल्यमापन किचकट असतं. पण जो प्रकार ऑनलाइन गेला, त्याचा कागद त्याच दिवशी बंद व्हायला हवा. दोन्ही चालू ठेवले की खरी फाईल कागदावरच फिरते आणि पोर्टलवर नंतर नोंदी चढवल्या जातात.

आणखी एक, ठरावीक पुरवठादार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या अटी कुठलंच पोर्टल आपोआप रोखत नाही. त्यासाठी अटींवर हरकत घ्यायची मुदत आणि तिचं उत्तर जाहीर करण्याचं बंधन नियमांतच घालावं लागतं, तेही सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी.