क्रायो की थर्मल? शिबिरासाठी यंत्र घेण्याआधी

करमाळ्याच्या एका तरुण डॉक्टरताईंचा फोन आला होता. "सर, पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. क्रायो घेऊ की थर्मल?" गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडावरचा, पुढे कॅन्सर होऊ शकणारा डाग घालवायची ही दोन यंत्रं: क्रायो गॅसने गोठवतं, थर्मल उष्णतेने जाळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या शिबिरांत मी आधी बरीच वर्षं क्रायो वापरलं, आता थर्मल वापरतो. फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. कॅन्सरची गाठ गोठवून जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध, अशा बातम्या वाचून नातेवाईक तेच मागतात. पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे तसलं औषध देतात, पण त्याला गोठवण्याची जोड देणं अजून संशोधनात आहे. गोठून मेलेल्या पेशींमुळे प्रतिकारशक्तीला कॅन्सरची ओळख पटावी, ही त्यामागची कल्पना. आपला विषय त्याच्या कितीतरी आधीचा आहे. व्हिनेगर लावल्यावर पिशवीच्या तोंडावर उमटणारा पांढरा डाग वेळीच घालवला, तर बहुतेक बायकांवर गाठीची वेळच येत नाही.

क्रायोबद्दल मला आदर आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा सहभाग असलेला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, आणि तिथे डाग घालवायला क्रायोही वापरलं होतं. शिवाय गोठताना जागा बधिर होते, त्यामुळे बाई शांत पडून राहते.

अडचण सिलिंडरची. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं वितळू द्यायचं, पुन्हा तीन मिनिटं गोठवायचं, आणि गोठवताना गॅसच्या दाबाचा काटा 40 च्या खाली येता कामा नये. गॅसमध्ये ओल असली की नळीत बर्फ अडकतो. सिलिंडर जीपमध्ये दोन माणसांनी चढवायचा, दोघांनी उतरवायचा, आणि भरून मिळायला कधी दोन दिवस तर कधी आठवडा.

कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात एका बाईंचं दुसरं गोठवणं चालू असताना काटा घसरला. दुसरा सिलिंडर नव्हता. "ताई, पुढच्या मंगळवारी परत यावं लागेल," म्हटलं. त्या म्हणाल्या, "आज विड्या वळल्या नाहीत डॉक्टर, मंगळवारी पण नाही वळायच्या का?" मंगळवारी त्या आल्या नाहीत. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, तेव्हा तीन महिन्यांनी आल्या. ते तीन महिने माझ्या डोक्यातून गेले नाहीत. थर्मल घ्यायचं तेव्हाच ठरलं.

थर्मलचं टोक 100 अंशांपर्यंत तापतं. एका जागी वीस-तीस सेकंद, डाग मोठा असेल तर शेजारी पुन्हा एकदा. बॅटरीवर चालतं, बॅगेत मावतं. मंगळवेढ्याकडे दुपारी लाइट गेली तरी काम थांबत नाही. पोटात कळ मात्र क्रायोपेक्षा जास्त येते. ती आधी सांगून ठेवली आणि सिस्टरने हात धरला की निभावतं. क्रायोनंतर महिनाभर पाणी जातं. थर्मलनंतर ती तक्रार मला कमी ऐकू येते. मोजदाद केलेली नाही, पण दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईला हा फरक मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये थर्मलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

टोकं दोन-तीन जास्तीची घ्या, दर बाईनंतर निर्जंतुक करायला वेळ लागतो. यंत्र बिघडलं तर बाहेरगावी पाठवावं लागतं, म्हणून माझं क्रायो मी अजून विकलेलं नाही. डाग पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीत शिरलेला असेल, पिशवीच्या तोंडाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापत असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल, तर यातलं काहीच वापरायचं नाही. दोन्हींत तपासायला तुकडा हाती येत नाही. बाईला सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवा.

एकाच जागचा दवाखाना आणि गॅसवाला हाकेच्या अंतरावर असेल, तर क्रायो घेणाऱ्याला मी अडवणार नाही. करमाळ्याच्या ताईंना मात्र जीप घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरायचंय. त्यांना म्हटलं, गुरुवारी मोहोळच्या शिबिराला या, दिवसभर माझ्या शेजारी उभ्या राहून बघा, मग पैसे भरा.